आधी जावक, मग आवक

ऑफिसात माझ्या माघारी मला 'उंबरठा' म्हणतात. तोंडावर साहेब म्हणतात, पण माघारचं नाव जास्त चिकट असतं. खरं सांगायचं तर मला त्याचा रागही येत नाही. आवक-जावक शाखेचा प्रमुख म्हणून आयुष्यभर मी उंबरठ्याचंच काम केलं. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. हे आमच्या कुठल्या पत्राचं उत्तर, एवढंच मी बघतो. आमचा जावक क्रमांक असेल तर शिक्का मारून आत सोडतो. नसेल तर कागद ट्रेमध्ये ठेवतो. ट्रेमधल्या कागदाचं पुढे काय होतं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

आता असा माणूस घरी फायरवॉल बसवायला निघाला तर त्यात नवल ते काय? पण आमच्या हिला अजून नवल वाटतं. "अहो, तुम्हाला मिक्सरचं झाकण लावता येत नाही," असं ती चारचौघांत सांगते. मिक्सरचं झाकण ही वेगळी गोष्ट आहे. ते कंपनीनेच वाकडं दिलंय.

सुरुवात वरच्या मजल्यावरच्या ओव्हरसिअरांनी केली. त्यांनी नोकरीत पूल बांधले, आणि निवृत्त झाल्यापासून ते इमारतभर वायरी ओढत असतात. एकदा जिन्यात त्यांनी मला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या इंटरनेटला दार आहे का?"

"आहे की. कंपनीने डबा दिलाय."

"तो डबा म्हणजे नुसती चौकट, साहेब. कोणीही आत येतं, फिरतं, बघतं, जातं."

मी रात्रंदिवस दुसऱ्यांचे कागद अडवायचे आणि माझ्याच घरात वाटेल त्याने फिरायचं? मला अन्न गोड लागेना. ओव्हरसिअरांनी दुरुस्तीवाल्याकडून एक जुना कॉम्प्युटर आणवला. त्याला पाठीमागे वायरी लावायला दोन पोर्ट होते. एकात बाहेरून येणारी वायर, दुसऱ्यात घराकडे जाणारी, आणि मधे बसून कोणाला सोडायचं, कोणाला नाही, ते ठरवणार हा डबा, म्हणजेच फायरवॉल. आम्ही तो जोड्यांच्या कपाटावर ठेवला. ही म्हणाली, "छान. आता जोडे काढताना त्याला नमस्कार करायचा का?"

नियम मी स्वतः लिहिले. आतलं कोणीही बाहेर जाऊ शकतं. बाहेरचं कोणीही आपणहून आत येणार नाही. आतून कोणी काही विचारलं असेल तर त्याचं उत्तर तेवढं येईल. आणि डब्याची व्यवस्था बघायची ती फक्त आतून. ओव्हरसिअर वाचून थक्क झाले. "साहेब, हे तुम्ही कुठे शिकलात?" मी म्हटलं, "शिकायचंय काय त्यात? आधी जावक, मग आवक." त्या दिवशी मी ऑफिसला जरा उशिराच गेलो, आणि कोणी विचारलं असतं तर कारणही सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

इथे हात झटकून गप्प बसायला हवं होतं. पण ओव्हरसिअर पूल बांधणारे. पुलाला तिसरी कमान सुचली नाही तर त्यांना झोप कशी यायची? "घरी पाहुणे येतात, ते तुमचंच इंटरनेट वापरतात. पाहुण्यांना वेगळं दार हवं," ते म्हणाले. आमच्याकडे पाहुणे म्हणजे तेच येतात. चहा पितात, बिस्किटं खातात आणि स्वतःचा मोबाईल बघत बसतात. तरी मी हो म्हटलं. तिसऱ्या पोर्टासाठी एक नवीन कार्ड डब्यात खोचलं, झाकण लावलं, बटण दाबलं.

त्याच वेळी आतल्या खोलीत हिचा वर्ग चालू होता. ही शाळेच्या मुलांना इंटरनेटवरून गणित शिकवते. 'क्ष'ची किंमत काढायला एक पायरी उरली होती आणि घरातलं सगळं इंटरनेट गेलं. ही बाहेर आली. तिने आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी लॅपटॉपवर डब्याच्या नियमांचं पान उघडायला गेलो तर डबा मलाच आत घेईना. व्यवस्था फक्त आतून, हा नियम माझाच, आणि मी घरात, खुर्चीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलो. ओव्हरसिअरांनी वरून कॉम्प्युटरचा एक जुना पडदा, म्हणजे मॉनिटर, आणला, तो त्यांच्या एखाद्या पुलाइतकाच जड होता. तो थेट डब्याला जोडला तेव्हा उलगडा झाला.

झालं होतं असं. हा डबा पोर्टांना चेहऱ्याने ओळखत नाही. जागा झाला की जो पोर्ट आधी दिसेल त्याला म्हणतो ईथ झिरो, पुढच्याला ईथ वन. मी नियम लिहिले ते या नावांवर: झिरो म्हणजे बाहेर, वन म्हणजे घर. नवीन कार्ड नेमकं पुढच्या खोबणीत बसलं आणि डब्याला तेच आधी दिसलं. कानामागून आलं आणि तिखट झालं! त्याला झिरो हे नाव मिळालं. बाहेरच्या वायरीचा पोर्ट सरकून वन झाला. म्हणजे सगळ्या बाहेरच्या जगाला आमच्या घरच्यांचे हक्क मिळाले. आणि आमचं घर झालं ईथ टू, ज्याच्यासाठी मी एकही नियम लिहिला नव्हता. आम्ही स्वतःच्याच घरात बेवारस.

"मग वायरींची अदलाबदल करा ना," ही म्हणाली.

"अगं, उद्या एखादा माझ्या खुर्चीत बसला, तर मी जाऊन त्याच्या खुर्चीत बसायचं का?"

"वर्ग तरी सुरू होईल."

तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मी ते केलं नाही. प्रत्येक कार्डावर कारखान्यातच छापलेला एक कायमचा नंबर असतो. तो वाचून आम्ही नावं त्या नंबरांना बांधून टाकली. हे कार्ड 'बाहेर', हे 'घर', हे 'पाहुणे'. आता कोणी आधी उठो, कोणी मागाहून उठो, नाव बदलायचं नाही. वर्ग पुन्हा सुरू झाला. तोपर्यंत मुलं पळाली होती. माझ्या माहितीप्रमाणे 'क्ष'ची किंमत आजही निघालेली नाही.

इथेही हात झटकता आले असते. पण फजिती झालेल्या माणसाला आपण कडक आहोत हे दाखवायची फार हौस असते. ओव्हरसिअरांनी विचारलं, "आतून एखादा निरोप बाहेर गेला की उत्तरासाठी दार किती वेळ उघडं राहतं?" मी बघितलं तर चांगली काही मिनिटं. "अहो, एवढ्या वेळात बैलगाडी आत येईल!" ते म्हणाले. मी तो वेळ कापून अर्ध्या मिनिटावर आणला. दोन्ही बाजू अर्धं मिनिट गप्प राहिल्या की दार बंद. आमच्या ऑफिसात असा नियम असता तर निम्मी पत्रं लिहिलीच गेली नसती.

त्यानंतर एक चमत्कार झाला. दिवाणखान्यातल्या टेबलावरच्या फोनवर विमेवाल्यांचे फोन यायचे बंद झाले. हा फोन आता इंटरनेटच्या वायरीवरच चालतो, पण नंबर तोच, आईच्या आणि तिच्या बहिणीच्या तोंडपाठ असलेला. "बघितलंस? फायरवॉल!" असं मी हिला सांगितलं, समोरच्या बिऱ्हाडात सांगितलं, ऑफिसात तर न विचारता सांगितलं. विमेवाले गेले म्हणजे बाकीचे यायचे राहिलेत का, हे बघावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता आईचं सांगायला हवं. माझी आई आणि तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, गेली कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्याआधी रोज बोलायच्या, ह्याच फोनवर. भांडण कशावरून, तर त्यांच्या लहानपणी भिंतीवरचं घड्याळ कोणी पाडलं यावरून. हसू नका. मार एकीने खाल्ला होता आणि तो कोणी खाल्ला याबद्दलही दोघींचं एकमत नव्हतं. बोलता बोलता आवाज चढले, आणि मधेच फोन बंद झाला. आई म्हणाली, "ताईने आपटला." मावशी तिकडे सांगत राहिली, धाकटीने आपटला. जिने आपटला तिने आधी करावा, यावर मात्र दोघी ठाम होत्या. मी मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. "तिला वाईट वाटतंय," असं इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगून बघितलं. दोघींनी ते खोटं असल्याचं ताबडतोब ओळखलं, आणि तेव्हापासून या विषयात माझ्या शब्दाला किंमत उरली नाही.

आणि मग मावशीच्या सुनेचा मला मोबाईलवर फोन आला. मावशीचं मोठं ऑपरेशन ठरलं होतं, सोमवारी सकाळी. डॉक्टर बरं बोलत होते, पण वय झालेलं. "भावजी, सासूबाई आपणहून म्हणाल्या, की आत जायच्या आधी धाकटीशी एकदा बोलते. रविवारी न्याहारी झाली की करणार आहेत. टेबलावरच्या फोनवर. फक्त तुमच्या आईंना उचलायला सांगा हो."

मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. जरा वेळाने म्हणाली, "करेल तर उचलीन." आणि निवडलेली भाजी सालांच्या ताटलीत टाकली.

रविवारी आई आमच्या सगळ्यांच्या आधी उठून बसली होती. केस नीट विंचरले, चष्मा पुसला, फोनशेजारची खुर्ची थोडी पुढे ओढली, मग फार आतुर दिसायला नको म्हणून थोडी मागे. हिने चहा आणून ठेवला. "वाजला की रेडिओ बंद करा हं," आई म्हणाली. रेडिओ कधीच बंद केलेला होता.

फोन वाजला नाही. न्याहारीची भांडी घासून झाली, वाजला नाही. चहावर साय धरली. मी उगीच दोनदा त्या खोलीतून ये-जा केली. शेवटी आईने चष्मा काढून मिटून ठेवला.

"नाहीच केला. बघितलंस?" ती म्हणाली. "मला ठाऊक होतं." आणि उठून आपल्या खोलीत गेली. मला फार वाईट वाटलं. मावशीचा रागही आला. असल्या दिवशी तरी माणसाने शब्द पाळावा.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मावशीची सून रडवेली झाली होती. "भावजी, काय हे! सासूबाई सकाळपासून लावतायत. रिंग जातेय, जातेय, कोणी उचलत नाही. आता भिंतीकडे तोंड करून पडल्यात. म्हणतात, धाकटीला नाहीच बोलायचं माझ्याशी, उगाच कशाला मागे लागायचं. जेवायलाही नको म्हणतात हो!"

मी टेबलाजवळ धावलो, फोन उचलला. आवाज येत होता, म्हणजे जिवंत होता. त्यावरून माझाच मोबाईल लावून बघितला, लागला, वाजला. म्हणजे इथून तिथे जातो आणि तिथून इथे येत नाही! अर्थात कंपनीचा दोष. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली.

"आमच्याकडे फोन वाजत नाही," मी म्हटलं.

"तक्रार नोंदवली, सर. आमचे तज्ज्ञ तुम्हाला लवकरच फोन करतील."

"कुठल्या नंबरावर?"

"नोंदवलेल्या नंबरावर, सर. घरच्या."

"अहो ताई, तोच तर वाजत नाही!"

"हो सर, त्याचीच तक्रार घेतलीय."

थोड्याच वेळात मोबाईलवर संदेश आला: आमच्या तज्ज्ञांनी संपर्क साधला, ग्राहकाने फोन उचलला नाही, सबब तक्रार निकाली. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. राग यायला हवा होता, पण मला तो कागद ओळखीचा वाटला. अशी उत्तरं मीच लिहितो. उत्तर द्यायला मुदत, मुदतीत आलं नाही की प्रकरण बंद. आणि एकदम मला डब्यावरचा माझाच नियम आठवला. अर्धं मिनिट!

ओव्हरसिअरांना खाली बोलावलं. ते डब्याकडे बघत हळूहळू म्हणाले, "असं असणार, साहेब. तुमचा फोन दर काही मिनिटांनी कंपनीला सांगतो, मी आहे हं इथे. त्या दारातूनच बाहेरचा फोन आत येतो. तुम्ही ते दार अर्ध्या मिनिटात लावून घेताय. मधल्या वेळात कोणी फोन केला तर दार बंद. बाहेर रिंग, आत सामसूम."

"तुम्हीच म्हणालात बैलगाडी येईल!"

"बैलगाडी आली का पण?" ते म्हणाले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. वेळ पुन्हा वाढवायचा तर तो जड पडदा परत आणायला हवा होता, कारण लॅपटॉपवरून बदल करायची सोयही मी कडकपणाच्या भरात बंद केली होती. ते पडदा आणायला वर गेले आणि मी आईच्या खोलीत गेलो.

"आई, मावशीने केला होता फोन. सारखा केला. माझ्या डब्यामुळे वाजला नाही."

आई पलंगावर टेकून खिडकीबाहेर बघत होती. "बाळ, पुरे," ती म्हणाली. "आधीही असंच सांगितलं होतंस. माझं काही अडलेलं नाही."

"शपथ घेऊन सांगतो."

"तेव्हाही घेतली होतीस."

घेतली होती खरी. मग मी तिचा हात धरला, टेबलाजवळ आणून खुर्चीत बसवलं, माझ्या मोबाईलवरून आमचाच घरचा नंबर लावला आणि मोबाईल तिच्या कानाला धरला. दार नेमकं त्याच वेळी उघडं निघालं तर माझी अब्रू गेलीच होती. पण नाही. मोबाईलमध्ये रिंग जात होती, मला बाहेरपर्यंत ऐकू येत होती. टेबलावरचा फोन आईच्या समोर ढिम्म पडून होता. आईने कान मोबाईलला लावून डोळे फोनवर ठेवले. मग हात पुढे करून फोनवर तळवा ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"मोबाईलमध्ये वाजतंय," ती म्हणाली.

"हो."

"आणि ह्याच्यात काहीच नाही."

"काहीच नाही. तिकडे तिला वाटलं असणार तू मुद्दाम उचलत नाहीस."

"आणि मी इथे म्हणतेय तिने केलाच नाही." आईने मोबाईल खाली ठेवला. ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मग आईने मला विचारलं, "म्हणजे कोणी न आपटताही फोन बंद पडतो?"

"पडतो की. शंभर कारणं असतात."

"तेव्हाही पडला असेल?"

ती कधीचं विचारत होती ते मला कळलं. त्या वेळी माझा डबा नव्हता, जुनी तार होती, खांबावरून येणारी. मी म्हटलं, "आता कोण सांगणार, आई? पण पडला असेल."

"म्हातारीचं उद्या पोट फाडणार," आई म्हणाली, "आणि मी इथे बसलेय." तिचे डोळे भरून आले. ते पदराने पुसून तिने चष्मा लावला. "बाहेरून आत येत नाही म्हणालास. आतून बाहेर जातो ना?"

"जातो. आतून सुरुवात झाली की पलीकडचं सगळं आत येतं."

"मग सरक तिकडे," आई म्हणाली, आणि तिने फोन उचलून नंबर फिरवला. कुठे बघावं लागलं नाही.

पलीकडे उचलला गेला. आई म्हणाली, "ताई, मी गं. तू केलेलास, मला कळलं. इथे वाजलाच नाही." मग नुसतं "हं... हं..." करत ऐकत राहिली, आणि रडायला लागली, आणि पलीकडूनही बहुधा तेच चाललं असावं. ही आत निघून गेली. मी जोड्यांच्या कपाटापाशी जाऊन डब्याकडे बघत उभा राहिलो.

ओव्हरसिअर पडदा दोन्ही हातांत धरून, धापा टाकत दारात आले. "चला, वेळ वाढवून टाकू पटकन," ते कुजबुजले. "अर्ध्या मिनिटावर ठेवलाय तुम्ही. मधे दोघी गप्प बसल्या तर दार लागेल, आणि लाईन तुटायची पुन्हा!"

आत आईचा आवाज चढला होता. "घड्याळ? मी? अगं, माझा हात तरी पोचत होता का त्या खिळ्यापर्यंत? आणि मार मी खाल्ला, तू नाही! थांब, थांब, आधी माझं ऐक..."

मी ओव्हरसिअरांच्या हातातला पडदा घेऊन खाली ठेवला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

"काही घाई नाही," मी म्हटलं. "चहा घ्या."